घोडा खोकतोय: पडसं की दमा?

पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही तबेल्यात भल्या पहाटे जा, एखादा तरी घोडा खोकताना ऐकू येईल. माझी घोडी खोकू लागली तेव्हा आमचा सईस म्हणाला, "गारठा बाधलाय साहेब, दोन दिवसांत बरी होईल." त्यावर विसंबून मी घोडीचे दोन महिने वाया घालवले. तिला दमा होता.

पडसं असो की दमा, दोन्हींत खोकला, नाकातून शेंबूड आणि रपेटीला टाळाटाळ. म्हणून आधी थर्मामीटर लावायचा. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. पडसं म्हणजे इन्फ्लुएंझासारखा संसर्ग असेल, तर ते 39 च्या वर जातं, कधी 41 पर्यंतही. घोडा दाणा सोडतो आणि दोन-चार दिवसांत शेजारचेही खोकू लागतात. 2008 साली जम्मूतल्या कटऱ्यात सुरू झालेली साथ अशीच पुढे कित्येक राज्यांत पसरली होती. दम्याच्या घोड्याला ताप नसतो, भूक बहुधा शाबूत असते, शेजारीही ठणठणीत. (ताप असून जबड्याखाली गाठी सुजल्या असतील, तर स्ट्रँगल्स या जिवाणूंच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्या. घोडा ताबडतोब वेगळा बांधा.)

मग घोडा शांत उभा असताना कुशीवर नजर ठेवून श्वास मोजा. मिनिटाला 8 ते 16 ठीक. जोराच्या दम्यात नाकपुड्या फुगलेल्या दिसतात, श्वास बाहेर टाकायला पोट जोर लावतं आणि पुढे बरगड्यांच्या कडेने स्नायूंची तिरकी रेघ उमटते. सौम्य दमा मात्र फसवतो. दुडकी सुरू करताना दोन-तीनदा खोकला, नाहीतर गवतात तोंड घातल्यावर, बस्स. अशा घोड्याला आपण आळशी म्हणून टाच मारत राहतो.

पडशाच्या घोड्याला विश्रांती हवी: तापाच्या दर दिवसामागे एक आठवडा, असा जुना हिशेब आहे. दम्याला नुसती विश्रांती पुरत नाही, कारण आजाराचं मूळ ठाणातच, म्हणजे घोडा बांधतो त्या जागेतच असतं. पावसाळी हवेत साठवलेल्या गवताला बुरशी धरते, वर आपण ओल येते म्हणून ताडपत्र्या सोडतो, आणि मुताचा अमोनिया आतच कोंडतो. माझी चूक हीच. खोकला वाढला की मी आणखी एक ताडपत्री बांधायचो!

धूळ उडू नये म्हणून गवत 10 ते 30 मिनिटं भिजवून, निथळून, ओलं असतानाच द्यावं. उरलेलं फेकावं, उकाड्यात ते लगेच आंबतं. बुरशीचं गवत मात्र भिजवूनही देऊ नये. गवत जमिनीवर ठेवलं की मान खाली जाते आणि शेंबूड निचरतो. झाडलोट घोडा बाहेर असताना करावी. शेजारच्या ठाणात कोरडा पेंढा असेल तर ही सगळी मेहनत निम्मी फुकट.

औषधांत घाई नको. दम्यावर स्टेरॉइड चालतं, पण संसर्ग असताना दिलं तर प्रतिकारशक्ती दबते, शिवाय खुरांच्या आत सूज येऊन घोडा लंगडण्याचीही भीती असते. अँटिबायोटिकचा दम्याला उपयोग नाही. ताप उतरून तीन आठवडे झाले तरी खोकला हटत नसेल, तर पशुवैद्यांना फुफ्फुसातल्या द्रावातल्या पेशी तपासायला सांगा. पडशामागून दमा आलेलाही असू शकतो.

घोडी आता रांगेतल्या शेवटच्या, वाऱ्याच्या ठाणात असते. भिजवलेल्या गवताला सईस म्हणतो, "बाईसाहेबांचं पथ्याचं ताट."