काबोलू आणि ‘तुर्कियेली’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये तुर्कियेतल्या (म्हणजे तुर्कस्तानातल्या) इस्तंबूलच्या न्यायालयाने तिथल्या वकील संघटनेच्या अध्यक्षांना कार्यकारिणीसह पदावरून दूर करण्याचा निकाल दिला. सीरियात मारल्या गेलेल्या दोन पत्रकारांच्या मृत्यूची चौकशी व्हावी, अशा आशयाचे पत्रक संघटनेने काढले होते. अध्यक्ष होते इब्राहिम काबोलू. घटना-कायद्याचे हे प्राध्यापक जेमतेम पाच महिन्यांपूर्वी निवडून आले होते. त्यांच्यामागे लागलेल्या खटल्यांची सुरुवात मात्र २००४ मधल्या एका अहवालापासून झाली.

तेव्हा ते पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीतल्या मानवाधिकार सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. युरोपीय संघात शिरण्यासाठी सुधारणांची घाई चालली होती. मंडळाच्या एका गटाने अल्पसंख्याकांवरचा अहवाल तयार केला आणि तो २४ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. वाद पेटला तो एका शब्दावरून.

तुर्की भाषेत ‘ली’ हा प्रत्यय आपल्या ‘कर’सारखा चालतो. इझमिरली म्हणजे इझमिरकर. त्याच चालीवर ‘तुर्कियेली’ म्हणजे तुर्कियेचा रहिवासी, मग तो वंशाने तुर्क असो, कुर्द असो की लाझ. १९८२ च्या घटनेचे ६६ वे कलम मात्र प्रत्येक नागरिकाला ‘तुर्क’ म्हणते. कलमाचे समर्थक सांगतात की इथे तुर्क म्हणजे फक्त नागरिक, त्यात वंश नाही. अहवालाचे म्हणणे असे की रोजच्या बोलण्यात हाच शब्द वंशासाठीही वापरला जातो, म्हणून वरची, सर्वांची ओळख ‘तुर्कियेली’ असावी आणि बाकीच्या ओळखी तिच्याखाली सुखाने नांदाव्यात. विरोधकांना यात देशाच्या फाळणीची चाहूल लागली. वास्तविक अहवालाने आधार घेतला होता तो प्रजासत्ताकाच्या पायाभूत लोझान कराराचाच. १९२३ च्या या कराराच्या ३९ व्या कलमात कोणत्याही नागरिकाला खासगी व्यवहारात, व्यापारात, वृत्तपत्रांत, सभांत हवी ती भाषा वापरण्याची मुभा आहे. ही मुभा फक्त बिगर-मुस्लिमांना नाही, सर्वांना आहे. हे वाक्य इतकी वर्षे कुणी मोठ्याने वाचले नव्हते, हीच खरी अडचण.

१ नोव्हेंबर २००४ रोजी काबोलू पत्रकारांसमोर अहवाल वाचू लागले. मंडळाचाच सदस्य असलेला एक कामगार नेता पुढे आला, त्याने त्यांच्या हातातले कागद हिसकावले आणि कॅमेऱ्यांदेखत टराटरा फाडले. सरकारने अहवालापासून अंग काढून घेतले. फेब्रुवारी २००५ मध्ये काबोलूंना मुदत संपल्याचे कळवण्यात आले आणि त्याच वर्षी त्यांच्यावर व अहवालाच्या लेखकावर, तेही प्राध्यापकच, द्वेष चेतवल्याचा आणि न्यायसंस्थेच्या अवमानाचा खटला भरला गेला. २००६ मध्ये निर्दोष सुटका झाली, वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली, आणि २००८ मध्ये ती अखेर कायम झाली. वृत्तपत्रांतून झालेल्या धमकीवजा लिखाणापासून या दोघांना संरक्षण मिळाले नाही, हा स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा निवाडा यायला ऑक्टोबर २०१८ उजाडले.

तोवर बरेच घडून गेले होते. कुर्दबहुल भागातल्या लष्करी कारवाईविरोधात जानेवारी २०१६ मध्ये निघालेल्या शांतता-निवेदनावर काबोलूंची सही होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणीबाणीच्या एका हुकुमाने त्यांना मार्मारा विद्यापीठातून काढले आणि पासपोर्टही रद्द झाला. जून २०१८ मध्ये प्रमुख विरोधी पक्षाने त्यांना इस्तंबूलमधून संसदेत पाठवले. त्याच निवडणुकीत, दुसऱ्या एका पक्षाकडून, कागद फाडणारा तो कामगार नेताही खासदार झाला.