मोतीबिंदू शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण

गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याचे कौशल्य नेत्रतज्ज्ञाला टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धती. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) व त्याला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’, येथे एम.एस. या पदव्युत्तर पदवीच्या तीन वर्षांत हे शिक्षण मिळते.

प्राचीन आधार : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा सराव सांगितला आहे : कापण्यासाठी कोहळा, भोपळा, काकडी, भेदनासाठी पाण्याने भरलेल्या कातडी पिशव्या, वेधनासाठी मृत जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ. डोळ्यासाठी वेगळी सरावसामग्री तिथे दिलेली नाही. लिंगनाशावरील (मोतीबिंदूवरील) शस्त्रकर्म उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात येते. संहितेचा काळ इ. स. पूर्व सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. उत्तरतंत्र ही नंतरची भर असावी, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. वेध नीट झाल्यास आवाज होऊन पाण्याचा थेंब येतो आणि मग शलाकेने (बारीक सळईने) दृष्टिमंडल (बाहुलीचा भाग) खरवडावे, या वर्णनावरून काहींनी मोतीबिंदू बाहेर काढला जात असल्याचा निष्कर्ष काढला. मात्र छेदाचे स्थान आणि शलाकेचे जवाच्या टोकासारखे अग्र पाहता भिंग खाली ढकलण्याची क्रिया अधिक संभवते. डावा डोळा उजव्या हाताने व उजवा डाव्या हाताने वेधावा, हा त्यातील नियम दोन्ही हात तयार असण्याची अपेक्षा दाखवतो.

आधुनिक काळ : भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रेंच शल्यचिकित्सक दाव्हिएल याने १७४७ मध्ये आणली, कृत्रिम भिंग इंग्रज नेत्रतज्ज्ञ रिडली याने १९४९ मध्ये बसवले, तर फेको तंत्र (ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेणे) अमेरिकन नेत्रतज्ज्ञ केलमन याने १९६७ मध्ये सुरू केले. भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ नंतर राबवलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्र होता. भिंगरोपणाचे प्रशिक्षण त्याचा भाग होते.

शिकण्याचा क्रम : खेड्यांतून उशिरा येणारे रुग्ण पांढरा किंवा तपकिरी, कडक मोतीबिंदू घेऊन येतात. त्यामुळे बिनटाक्याची लहान छेदाची शस्त्रक्रिया आधी व फेको नंतर शिकवणे योग्य ठरते. आरंभ बोकडाच्या ताज्या डोळ्यांवर होतो. उशीर झाल्यास पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) धूसर होते. भिंगात फॉर्मॅलिन टोचले की ते कडक होते. पण बोकडाचे कॅप्सूल (भिंगाचे आवरण) जाड व लवचिक असल्याने त्यावरील रेक्सिस (आवरणाला गोल छिद्र पाडणे) माणसाच्या डोळ्याचा खरा अंदाज देत नाही.

रुग्णावर शिकताना पायऱ्यांचा क्रम शस्त्रक्रियेचा नसतो, जोखमीचा असतो. बाजूचा छेद, भिंग बसवणे व व्हिस्कोइलॅस्टिक (डोळ्यात जागा राखणारा चिकट द्रव) धुणे प्रथम. मग सिम्को कॅन्युलाने (पाणी सोडणाऱ्या व शोषणाऱ्या दुहेरी नळीने) कॉर्टेक्स (भिंगाचा मऊ बाहेरचा थर) काढणे. त्यानंतर बोगदा (डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जाणारी वाट), रेक्सिस आणि शेवटी न्यूक्लियस (भिंगाचा कडक गाभा) काढणे. उरलेले सारे शिक्षक करतात. सुरुवातीची पायरी बिघडली की पुढच्या सगळ्या अवघड होतात, म्हणून त्या नवख्याच्या हाती उशिरा दिल्या जातात.

बोगदा : लिंबसच्या (पारपटल व पांढऱ्या भागाच्या सीमेच्या) १.५ ते २ मिमी मागे, ६ ते ६.५ मिमी रुंदीचा, टोके मागे वळलेला छेद श्वेतपटलाच्या निम्म्या जाडीपर्यंत, म्हणजे सुमारे ०.३ मिमी, घेतात. क्रेसेंट (चंद्रकोरीसारखे) पाते पारपटलात १ ते १.५ मिमी पुढे नेतात. पात्याची कड पटलातून अंधूक दिसली तर खोली बरोबर. ती अगदी स्पष्ट दिसली तर बोगदा उथळ आहे व वर भोक पडते. दिसेनाशी झाली तर पाते वेळेआधीच आत शिरते आणि बुबुळाचा पडदा बाहेर येतो. दोन्ही वेळी छेदाच्या दुसऱ्या टोकापासून योग्य खोलीवर नवा थर धरावा. बिघडलेल्या जागी जोर लावू नये.

रेक्सिस व न्यूक्लियस : पांढऱ्या मोतीबिंदूत हवेच्या बुडबुड्याखाली ०.०६ टक्के ट्रिपॅन ब्लू हा कॅप्सूल रंगवणारा निळा रंग वापरतात. फुगलेल्या भिंगात आतील दाबाने कॅप्सूल कडेपर्यंत फाटते, म्हणून आधी सुईने द्रव ओढून घ्यावा. रेक्सिस लहान राहिले असता न्यूक्लियस ओढू नये, झोन्यूल (भिंगाला धरून ठेवणारे तंतू) तुटतात. कडेला लहान काप देऊन वाट मोठी करावी. न्यूक्लियस पारपटलाला घासल्यास एंडोथेलियम (त्याचा आतला पेशीथर) झिजून सूज येते, यासाठी व्हिस्कोइलॅस्टिकचा थर वर व खाली दोन्हीकडे हवा.

मागचे कॅप्सूल फाटल्यास नवखा घाबरून कॅन्युला झटकन बाहेर काढतो. दाब उतरतो आणि काचद्रव (भिंगामागचा जेलीसारखा पदार्थ) पुढे येतो. आधी बाजूच्या छेदातून व्हिस्कोइलॅस्टिक भरावे, मगच कॅन्युला काढावी. काचद्रव ओढू नये, दृष्टिपटल (रेटिना) फाटू शकते. तो व्हिट्रेक्टॉमीने कापून काढावा. इथे शिक्षकाने खुर्ची घ्यावी, हे आधीच ठरलेले असावे.

संवाद : भुलेच्या इंजेक्शनाने डोळा स्थिर होतो, पण रुग्ण जागा असतो व खोकला किंवा मानेची हालचाल महागात पडते. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू व कन्नड बोलणारे रुग्ण येतात. ‘हलू नका’साठी तेलुगूतील ‘कदलकंडि’ आणि कन्नडमधील ‘अलुगाडबेडि’ हे शब्द प्रशिक्षणार्थीने पहिल्या रुग्णाआधीच पाठ करावेत.