घाम आला तरी चावी फिरवू नका

मे महिन्यातली दुपार, नागपूरच्या वर्धा रोडवरचा एक पेट्रोल पंप, पारा 45 च्या वर. मेहुणा फोनवर बोलताबोलता काचेतून म्हणाला, "दोन हजारचं टाक भाऊ." कशाचं, ते बोललाच नाही. गाडी डिझेलची. पोऱ्यानं हाताशी होतं ते पेट्रोलचं नोझल लावलं. डिझेल गाडीच्या टाकीचं तोंड मोठं असतं, त्यात पेट्रोलचं बारीक नोझल निमूट जातं. मीटर सहाशेवर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पाच-सहा लिटर पेट्रोल आत गेलं होतं.

मेहुण्याचा हात स्टार्टच्या बटणाकडे. "बाजूला घेतो गाडी, एसी तरी लावतो." तो हात मी धरला. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "काही होत नाही बाप्पा, वरून डिझेल फुल करा. आमच्या जीपमध्ये आम्ही रॉकेल घालत होतो."

काकांच्या जीपबद्दल शंका नाही. पण जुन्या इंजिनात डिझेलचा दाब काहीशे बार असायचा, आणि इंजिनाला डिझेल दाबून देणाऱ्या कित्येक पंपांचा खालचा भाग इंजिन ऑइलवर फिरायचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या सिलिंडरांसाठी एकाच सामाईक नळीत, म्हणजे 'रेल'मध्ये, डिझेल दाबून ठेवलेलं असतं) हा दाब 1,600 ते 2,000 बारपर्यंत जातो. टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार. त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबाखाली एकमेकांवर घासणाऱ्या पंपाच्या भागांना वंगण कोण देतं? तेच डिझेल. वेगळं ऑइल तिथे पोचतच नाही.

गॅरेजवाल्यानं नंतर मला हे बोटांवर दाखवलं. चिमटीत डिझेल चोळलं तर बराच वेळ बुळबुळीत राहतं. पेट्रोल क्षणात उडून जातं, आणि बोटं कोरडी, पांढरट पडतात. पंपाच्या आतही तेच होतं. धातू धातूवर घासतो, बारीक कीस सुटतो, तो रेलमधून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या केसासारख्या भोकांपर्यंत जातो. मग एकटा पंप बदलून भागत नाही; रेल, इंजेक्टर, नळ्या सगळंच आलं. खर्चाचा आकडा लाखात जाऊ शकतो.

पेट्रोलनं इंजिनचा भडका उडेल ही भीती मात्र फुकाची. उलट ते पेटायलाच कुरकुर करतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा पंधरा-सोळा पट दाबली की ती 500 अंशांच्या पुढे तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल दाबानं आपोआप पेटू नये, असंच बनवलेलं असतं. त्याचा ऑक्टेन आकडा म्हणजे ह्याच हट्टाचं माप.

खरा धोका आहे तो पंप कोरडा घासण्याचा. म्हणून चावी 'ऑन'लासुद्धा फिरवायची नाही. बहुतेक गाड्यांत टाकीतला इलेक्ट्रिक पंप तेवढ्यानंच सुरू होतो आणि पेट्रोल फिल्टरच्या पुढे ढकलतो. आम्ही गाडी न्यूट्रलवर ढकलत सावलीत नेली, पंपाच्या मॅनेजरला सांगितलं, बिल जपून ठेवलं आणि विमा कंपनीच्या रोडसाइडवाल्यांना फोन केला. चालू करूनच बसला असाल तर बाजूला घ्या आणि लगेच बंद करा. टोचन करूनच गॅरेजला न्या.

नळी लावून तोंडानं ओढायचा उद्योग करू नका. थेंबभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तरी न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. शिवाय थोडं पेट्रोल मिसळलं की ते डिझेलही पेट्रोलसारखंच साध्या ठिणगीनं पेट घेतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचते. नागपूरच्या उन्हात तर ती भरभर उठते.

पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर प्रकरण तुलनेनं सौम्य. ते ठिणगीनं नीट पेटत नाही. गाडी धूर काढते, प्लग काळे पडतात, अडखळून बंद होते. टाकी मात्र तिथेही उपसावीच लागते.

आमची टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा घातला, ताज्या डिझेलनं लाइन भरून हवा काढली. काही हजारांत सुटलो. कॅनमधलं ते मिश्रण काय करायचं विचारल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "पार्ट धुवायलाही घेत नाही मी ते, पोट्टे बिडी ओढतात इथं."