पुण्यात कचरा वेगळा द्यायचा, पैसे मावशींच्या हातात द्यायचे, हे नेमकं आलं कुठून

आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की पहिल्या महिन्यात एक प्रश्न येतोच: महापालिकेला टॅक्स भरतो, मग कचरा नेणाऱ्या मावशींना दर महिन्याला वेगळे पैसे का द्यायचे? आणि ओला सुका वेगळा नसेल तर त्या घेत का नाहीत? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर द्यायचं तर पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

सुरुवात महापालिकेच्या कुठल्या योजनेपासून झालेली नाही. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातून खूप कुटुंबं पुण्यात आली, त्यातल्या बऱ्याच दलित बायकांना दुसरं काम मिळालं नाही म्हणून त्या कचरा वेचायला लागल्या. कुंडीत हात घालायचा, कागद काच पत्रा प्लास्टिक गोणीत भरायचं, भंगारवाल्याला विकायचं. भाव तो सांगेल तो, आणि कुठे चोरी झाली की पोलीस आधी यांनाच उचलणार. शहराचा केवढा तरी कचरा या बायका डेपोवर जाण्याआधीच बाजूला काढत होत्या आणि ते काम म्हणून कोणी मोजतच नव्हतं.

1990च्या आसपास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी, लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने वगैरे, या बायकांबरोबर काम करायला लागली. आधी विषय शिक्षणाचा होता, पण बायकांशी बोलताना लक्षात आलं की कुंडीतून चिवडून काढण्यापेक्षा घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर मालही स्वच्छ मिळतो आणि वेळही वाचतो. मग ओळखपत्रं देऊन काही वस्त्यांमध्ये दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत त्याच भागात एका व्यावसायिकाने गाडी लावून कचरा न्यायची सर्व्हिस काढली, बायकांनी विरोध केला, आणि तो मागे हटला. मला तर वाटतं सगळी गोष्ट इथे फिरली, कारण त्या दिवशी कळलं की कचऱ्यावर आपला हक्क आहे हे एकेकटीने सांगून उपयोग नाही, संघटना पाहिजे.

मे 1993 मध्ये कचरावेचकांचं मोठं अधिवेशन झालं आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव सोबत होते, हमाल पंचायत त्यांनी आधीच उभी केलेली होती, त्यामुळे अंगमेहनतीच्या माणसांची युनियन कशी चालते हे पुण्याला नवीन नव्हतं. पंचायतीने पतसंस्था काढली, स्वतःची भंगाराची दुकानं काढली, मुलांना कचऱ्यावर न पाठवता शाळेत घालायचा आग्रह धरला. 90च्या दशकातच महापालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, ते कार्ड दाखवलं की पोलिसांपुढे निदान उभं तरी राहता येत होतं. पुढे आरोग्य विमाही सुरू झाला.

दुसरीकडे देशात पण हालचाल चालू होती. 1994ला सुरतला प्लेगची साथ आली आणि शहरातल्या घाणीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, 1996ला पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी कचऱ्यावरून सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली, त्यातून पुढे 2000 साली घनकचऱ्याचे नियम आले. नियमात लिहिलं की घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, वर्गीकरण करा. आता हे करायचं कोणी? बाकी बऱ्याच शहरांनी ठेकेदार आणि घंटागाड्यांचा रस्ता धरला, पुण्यात मात्र हे काम आधीपासून करणाऱ्या हजारो बायका संघटित होऊन समोर उभ्या होत्या. 2005-06 मध्ये यांच्याकडूनच घरोघरी कचरा गोळा करायचा पायलट, म्हणजे प्रयोग झाला, त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, सभासद कचरावेचकच, आणि 2008ला महापालिकेशी 5 वर्षांचा करार झाला.

पैशाचं उत्तर या करारात आहे. महापालिका यांना पगार देत नाही. ढकलगाडी, बकेट, हातमोजे असं साहित्य आणि देखरेखीचा खर्च महापालिकेचा, घरटी फी थेट कचरावेचकाला, आणि वेगळा मिळालेला सुका माल विकून येणारे पैसे पण तिचेच. म्हणजे आपण सगळं एकत्र करून दिलं की तिला उकिरडा चिवडावा लागतो आणि ओल्याने भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही, तिच्या त्या दिवसाच्या कमाईतून ते कमी होतं. मावशी ओरडतात त्याचं कारण हे आहे. करार संपल्यावर मुदतवाढीवर मुदतवाढ चालत राहिली, मधे मधे ठेकेदाराला काम द्यायची चर्चा यायची, आणि दर वेळी या बायकांना महापालिकेच्या दारात उभं राहावं लागलं. 15-20 वर्षं शहराची घरं सांभाळणाऱ्या माणसांना दर थोड्या महिन्यांनी आपलं काम राहणार की जाणार या टेन्शनमध्ये ठेवणं मला मनापासून चूक वाटतं.

आता दुसरी बाजू, ती पुण्याच्या लोकांना कमी माहीत आहे कारण ती शहराबाहेर घडली. पूर्वी डेपो कोथरूडला होता, त्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. मग कचरा जायला लागला सासवड रोडला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतल्या दगडाच्या खाणीत. विहिरींचं पाणी खराब झालं, टँकर सुरू झाले, पावसाळ्यात तर वास आणि माश्यांनी जेवण जायचं नाही. मी हडपसरला राहायचो तेव्हा वारा फिरला की वास आमच्यापर्यंत यायचा, तिथल्या लोकांचं काय होत असेल. गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या, किती आश्वासनं मिळाली. शेवटी 31 डिसेंबर 2014 ही मुदत देऊन त्यांनी गाड्या बंद केल्या आणि जानेवारीत शहरात कचरा साचला. एप्रिल 2017ला डेपोला आग लागली तेव्हा तर तीन आठवडे गाड्या बंद होत्या.

प्रभागातच कचरा जिरवायचे छोटे बायोगॅस प्रकल्प आधीपासून होते, कात्रजमध्ये जनवाणी संस्थेने शून्य कचरा प्रभागाचं काम करून दाखवलं होतं, गांडूळ खत, सोलर, पावसाचं पाणी यातलं एक केलं तर 5 आणि दोन केली तर 10 टक्के टॅक्समध्ये सवलत पण होती. पण घाई आली ती या आंदोलनांमुळेच. मग 2016चे नवीन नियम आले, त्यात ओला, सुका आणि घातक असे तीन भाग होते, मोठ्या सोसायट्यांनी ओला आवारातच जिरवायचा, आणि कचरावेचकांना सामावून घ्या हेही त्यात लिहिलेलं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा हे त्याच सुमाराचं, उघडे पॅड हाताने वेगळे करणाऱ्या बायकांच्या मागणीतून आलेलं.

डेपोवर जुन्या ढिगांचं बायोमायनिंग चालतं, म्हणजे ढीग खणायचा, चाळायचा, माती एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे. पॉलिथिन, चिंध्या, काच, चपला, सगळं निघतं, कितीतरी वर्षांपूर्वी कोणीतरी एकाच पिशवीत गाठ मारून दिलेलं.