एक टक्का तांबे, पण कोणते?

दोन धातुकांच्या (धातू असलेल्या खनिज-दगडांच्या) अहवालांत ‘तांबे 1 टक्का’ असे सारखेच लिहिलेले असते. पण एकातले तांबे सौम्य सल्फ्युरिक आम्लात पटकन विरघळते, दुसऱ्यातले जवळजवळ हलतच नाही. पहिल्यात मॅलॅकाईट हे आम्लात विरघळणारे खनिज असते, दुसऱ्यात चाल्कोपायराईट हे तांबे-लोहाचे सल्फाईड. पहिले अपक्षालनाला (आम्लात तांबे विरघळवून काढायला) पाठवायचे, दुसरे फेनतरणाला (फेसाबरोबर खनिजाचे कण वर आणून वेगळे करायला). अदलाबदल झाली की बरेचसे तांबे टाकाऊ गाळात जाते.

हे रूप ओळखायला एकाच नमुन्यावर तीन द्रावणे ओळीने वापरतात. 75 मायक्रॉनपर्यंत दळलेली 1 ग्रॅम भुकटी 5 टक्के सल्फ्युरिक आम्लात खोलीच्या तापमानाला तासभर हलवली की मॅलॅकाईट, अझुराईट, टेनोराईट ही ‘ऑक्साईड’ गटात धरली जाणारी खनिजे विरघळतात. उरलेला गाळ साधारण 10 टक्के सोडियम सायनाईडमध्ये अर्धा तास ठेवला की चाल्कोसाईट, कोव्हेलाईट आणि बहुतेक बोर्नाईट ही सल्फाईड खनिजे द्रावणात उतरतात. शेवटी राहते ते मुख्यतः चाल्कोपायराईट. त्याला हायड्रोफ्लोरिकसह चार आम्लांचे गरम मिश्रण लागते. प्रत्येक वेळी द्रव गाळून तांबे अणुशोषण यंत्रावर (अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणाऱ्या यंत्रावर) 324.7 नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधली धुलाई सर्वांत महत्त्वाची. गाळात आम्ल राहिले तर सायनाईड पडताच प्राणघातक हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो. म्हणून गाळ पाण्याने नीट धुवायचा, सायनाईडचा सामू (pH) 11 च्या आसपास ठेवायचा आणि सगळे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचे.

चुका मात्र रसायनातच दडलेल्या असतात. क्युप्राईट हे तांब्याचे ऑक्साईड आम्लात अर्धेच विरघळते, उरलेले अर्धे तांबे धातुरूपात मागे राहते. ते पुढे सायनाईडमध्ये उतरते आणि ऑक्साईडचे तांबे सल्फाईडच्या खात्यात जमा होते. उलट, धातुकातून फेरिक लोह सुटले की ते चाल्कोसाईटचे ऑक्सिडीकरण करून त्याचे तांबे पहिल्याच पायरीत ओढते. आम्लात थोडे सोडियम सल्फाईट घातले तर फेरिकचे फेरस होते आणि हा घोळ आटोक्यात येतो. नमुना फार गरम सुकवला किंवा तासन्‌तास दळला तरी सल्फाईडचा पृष्ठभाग गंजतो आणि ‘ऑक्साईड’चा आकडा फुगतो.

तिन्ही आकड्यांची बेरीज वेगळ्याने मोजलेल्या एकूण तांब्याशी जुळते का, ते पाहायचेच. पण बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर, असे नाही. क्युप्राईटची चूक बेरजेत दिसतच नाही. ‘आम्लविद्राव्य तांबे’ हे खनिजाचे नाव नव्हे, ठरावीक आम्लात ठरावीक वेळात उतरलेले तांबे आहे. आम्लाची तीव्रता, वेळ, तापमान आणि दळण अहवालात नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून काही उपयोग नाही.