प्रादेशिक अभ्यास म्हणजे भूगोल नव्हे

‘प्रादेशिक अभ्यासात एम.ए. म्हणजे भूगोलच; भूगोलाची पदवी नसेल तर अर्ज करू नका,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. नावातच ‘प्रदेश’ असल्यामुळे तसा समज होणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात हा विषय एकाच भूभागाकडे अनेक बाजूंनी बघतो: भाषा, इतिहास, राजकारण, अर्थव्यवहार, समाज. दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे १९४५ नंतर, अमेरिकेत तो झपाट्याने वाढला आणि त्यात भाषाशिक्षणाला मोठं स्थान मिळालं. आपल्या जवळचं उदाहरण दख्खनचं. १७व्या शतकातला इथला महसूल समजून घ्यायचा तर मोडी वाचता यायला हवी, फारसीही हवी. नकाशा लागतोच, पण नुसत्या नकाशावर भागत नाही. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या शाखांतली मुलं एका वर्गात बसतात ती म्हणूनच, आणि मला तर हीच या विषयाची खरी श्रीमंती वाटते.

खात्री करायची तर माहितीपत्रकातलं पात्रतेचं कलम स्वतः वाचा. बऱ्याच ठिकाणी ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढंच असतं. काही ठिकाणी किमान गुणांची किंवा भाषेची अट असते. मग सगळ्या सत्रांची विषययादी बघा. त्यात भूगोलाचे पेपर किती आणि भाषेचे तास किती, हे मोजलं की चित्र स्पष्ट होतं.