धुराडं नसलेल्या कंपन्या आणि पर्यावरणाचा हिशोब : पार्श्वभूमी

आपले प्रदूषणाचे कायदे कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. १९७४चा पाण्याचा, १९८१चा हवेचा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६मध्ये आलेला पर्यावरण संरक्षण कायदा, तिघांचाही रोख सांडपाणी, धूर आणि घातक रसायनांवर होता. बँका, विमा कंपन्या आणि पुढे आयटीवाले यांना त्यांची झळ फारशी लागली नाही. २००६च्या अधिसूचनेनं २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणाची पूर्वमंजुरी सक्तीची केली, तेव्हा मोठी आयटी पार्क कक्षेत आली. पण ती मंजुरी आणायची बिल्डरनं. आत भाड्यानं बसणाऱ्या कंपनीला कुणी काही विचारलं नाही.

भोवतालच्या लोकांसाठी काही करण्याची रीतही कारखान्यांतूनच आली. जमशेदपूरसारख्या गावात कामगार, त्याचं घर आणि कंपनीचा दवाखाना एकाच परिसरात असतो. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी ऑफिसचं तसं नाही. लोक सकाळी शहरातून येतात, रात्री परत जातात, आणि शेजारच्या माण-मारुंजी गावांची माणसं त्यांना रस्त्यावरच्या कोंडीत काय भेटतील तेवढीच.

कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) खर्च करायची. स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. जून २०१४च्या परिपत्रकानं मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती असे एकदाच होणारे कार्यक्रम यातून वगळले, ते बरंच झालं.

माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे दूरच्या डोंगरावर झाडं लावली तर खर्च मोजला जातो. आपल्याच मजल्यावरचा एसी आणि जनरेटर यांचा वापर कमी केला तर नाही. नियम चुकीचा नाही. कंपनीच्या वीजबिलाची बचत समाजसेवा म्हणून दाखवता येऊ नये, हे रास्तच. पण त्यामुळे पर्यावरण म्हणजे ऑफिसच्या बाहेर करायचं काम, अशी समजूत पक्की झाली.

आतली जबाबदारी आणली ती कचऱ्यानं. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८मध्ये तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. ओला-सुका वेगळा द्या, ही या बायकांची मागणी. २०१६च्या घनकचरा नियमांनी लहान-मोठ्या सगळ्याच कार्यालयांना वर्गीकरण बंधनकारक केलं आणि कचरावेचकांना व्यवस्थेत जागा दिली. तरी ऑफिसचा चहाचा कागदी कप बघा. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून रद्दीवाला सहसा घेत नाही. असा कप कचरा निवडणारीच्या हाताला वजन देतो, पैसे देत नाही. जुन्या मॉनिटरचंही तसंच. २०१२पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी कार्यालयांना घाऊक ग्राहक ठरवलं. तेव्हापासून तो नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याला विकणं नियमात बसत नाही.

वीज आणि पाण्याचा हिशोब सर्वांत उशिरा आला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०१२मध्ये मोठ्या १०० सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल लावला. २०२१मध्ये त्याची जागा बीआरएसआरनं (व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल) घेतली आणि २०२२-२३पासून तो वरच्या १,००० कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यात वीज, पाणी, कचरा आणि हरितगृह वायूंचं थेट उत्सर्जन जाहीर करावं लागतं. विमानप्रवास आणि कर्मचाऱ्यांची रोजची ये-जा यांतलं उत्सर्जन मात्र ऐच्छिक रकान्यात गेलं, आणि लॅपटॉपवर चालणाऱ्या धंद्याचा मोठा भार तर तिथेच असतो.

पुणे-मुंबईतली परदेशी कंपन्यांची अनेक मोठी कार्यालयं इथे प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंदलेली आहेत. २ टक्क्यांचा नियम त्यांना लागू आहे, कचऱ्याचाही आहे. सूचीबद्ध नसल्यामुळे बीआरएसआर भरणं मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही.